सोनेरी शिक्का लागायच्या आधीची प्रत

बेळगावच्या कॅम्पातल्या एका रद्दीच्या दुकानात पावसाळ्याच्या तोंडावर मला एक मोठं, आडवं इंग्रजी चित्रपुस्तक मिळालं. कडक पुठ्ठा, त्यावर कागदी जॅकेट आणि जॅकेटवर सोनेरी गोल शिक्का. दुकानातल्या मामांनी काट्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सर, हे किलोवर नाही देत. सोन्याचा शिक्का हाय, बघा की." मी दोनशे रुपये मोजले. घरी येऊन चष्मा लावून बघतो तर शिक्का जॅकेटच्या कागदातच छापलेला. म्हणजे बक्षीस मिळून गेल्यावर छापलेली प्रत. पहिल्या आवृत्तीच्या हिशेबात तिची किंमत मामांच्या किलोइतकीच. चित्रकला शिकवण्यात उभी हयात गेलेल्या माणसाला शिक्का छापलाय की चिकटवलाय हे दुकानात कळू नये, याची लाज वाटली. म्हणून बक्षीस मिळालेल्या चित्रपुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या, सहीसकट, कशा गोळा कराव्यात यावर हा लेख.

तो शिक्का कॅल्डिकॉट पदकाचा होता. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन १९३८ पासून हे पदक देत आली आहे, आणि देते ते चित्रकाराला. आदल्या वर्षी निघालेल्या पुस्तकांतून निवड होते आणि जानेवारीच्या आसपास निकाल लागतो. यातच सगळी मेख आहे. पुस्तक पहिल्यांदा छापलं जातं तेव्हा बक्षिसाचं कोणाच्या स्वप्नातही नसतं. मॉरिस सेंडाकचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' १९६३ साली निघालं आणि पदक मिळालं १९६४ मध्ये. त्याच्या पहिल्या छपाईच्या जॅकेटवर पदकाचा उल्लेख नाही. आतल्या घडीवर किंमत आहे साडेतीन डॉलर. शिक्का मिरवणाऱ्या प्रती नंतरच्या.

याला एक पोटनियम आहे. पदक जाहीर झालं की दुकानदार उरलेल्या जुन्या प्रतींवर सोनेरी शिक्के चिकटवतात. त्यामुळे शिक्का दिसला म्हणून प्रत लगेच बाद करू नका. त्यावरून बोट फिरवा. कडा बोटाला लागली तर तो चिकटवलेला आहे, आणि खालची प्रत पहिल्या छपाईची असू शकते. सगळं सपाट लागलं तर पैसे खिशातच ठेवा. चिकटवलेला शिक्का नखाने काढायला मात्र जाऊ नका, जॅकेटचा रंग सोबत येतो.

आधी काय गोळा करायचं ते ठरवा

साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकन पुस्तकांच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सेंडाक २०१२ मध्ये गेला, 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर'वाला एरिक कार्ल २०२१ मध्ये. त्यांच्या सह्या आता वाढणार नाहीत, किमती तेवढ्या वाढतील. आणि बेळगावात बसून त्या सहीचा खरेखोटेपणा तपासणार कसा? सुरुवात आपल्याकडच्या पुस्तकांपासून करावी. सही करणारा माणूस जिवंत आहे, भेटतो, बोलतो, आणि पुस्तक दोन-तीनशे रुपयांत येतं.

बक्षिसांची यादी हाताशी ठेवा. साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो. मराठीला आणि कन्नडला दर वर्षी वेगळा. महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचा विभाग आहे. टाटा ट्रस्ट्सच्या 'पराग' उपक्रमाचा बिग लिटल बुक पुरस्कार २०१६ मध्ये सुरू झाला. पहिल्याच वर्षी लेखनाचा मान मराठीसाठी माधुरी पुरंदरे यांना आणि चित्रांचा अतनू रॉय यांना मिळाला. चित्रकारासाठी वेगळं बक्षीस ठेवलं ही यातली मोठी गोष्ट. आपल्याकडे बहुतेक बक्षिसं शब्दांना मिळतात. चित्रपुस्तकातली निम्मी गोष्ट ज्याने सांगितली त्याचं नाव कधी मुखपृष्ठावरसुद्धा नसतं, आत बारीक टायपात 'चित्रे :' एवढंच. म्हणून माझा नियम असा की चित्रपुस्तकावर चित्रकाराची सही आधी, लेखकाची नंतर. माधुरीताईंसारखी स्वतःच लिहिणारी आणि स्वतःच काढणारी व्यक्ती असेल तर एका सहीत दोन्ही कामं होतात.

आता खास आपल्या सीमाभागाचा एक डाव सांगतो. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतली पुस्तकं, तशीच बेंगळुरूच्या प्रथम बुक्सची पुस्तकं, अनेक भाषांत निघतात. चित्रं तीच, मजकूर वेगळा. पुण्यातल्या संग्राहकाला कन्नड प्रत कुठे दिसणार? आपल्याकडे एकाच घरात थोरला मराठी माध्यमात, धाकटी कन्नड माध्यमात असते. रद्दीत दोन्ही एकाच गठ्ठ्यात येतात. एकाच पुस्तकाची मराठी आणि कन्नड अशी जोडी लावायची आणि दोन्हींवर एकाच चित्रकाराची सही घ्यायची. लेखकाला आपला अनुवाद वाचता येतोच असं नाही, पण चित्रकाराला दोन्ही प्रतींत आपलीच रेघ दिसते. माझ्याकडे अशा अकरा जोड्या आहेत. भाषेवरून रस्त्यावर काय चालायचं ते चालू दे, माझ्या कपाटात त्या शेजारी शेजारी उभ्या असतात.

आवृत्ती ओळखणं

इथे घाई करू नका. शीर्षकाच्या पानामागे जे बारीक टायपाचं पान असतं, तेच वाचायला शिकायचं आहे.

मराठी पुस्तकात तिथे 'प्रथमावृत्ती' किंवा 'पहिली आवृत्ती' आणि तिथी किंवा महिना असतो. त्याखाली दुसरी ओळ आहे का ते बघा. 'पुनर्मुद्रण', 'दुसरी आवृत्ती', 'सुधारित आवृत्ती' यांतलं काहीही असलं तर हातातली प्रत पहिली नाही, वरची ओळ काहीही म्हणो. विक्रेते नेमकी वरचीच ओळ वाचून दाखवतात.

जुन्या पुस्तकांत नुसतं शकाचं वर्ष असतं. शकात ७८ मिळवा: शके १९१० म्हणजे १९८८. पण जानेवारी ते पाडव्याच्या दरम्यान छापलेलं असेल तर ७९ मिळवावे लागतात. फाल्गुन शके १९१० हा १९८९ चा मार्च असतो. नॅशनल बुक ट्रस्ट दोन्ही वर्षं देतो, उदाहरणार्थ '१९९९ (शक १९२१)', त्यामुळे तिथे डोकं खाजवायला नको. त्यांच्या पानावर पहिल्या आवृत्तीनंतरची पुनर्मुद्रणंही मांडलेली असतात. अनुवादित पुस्तकाला दोन जन्मतारखा असतात हेही ध्यानात ठेवा: मूळ पुस्तकाची एक, मराठी आवृत्तीची दुसरी. 'पहिली मराठी आवृत्ती' ही मराठीतली पहिलीच. तिला मूळ पहिली आवृत्ती म्हणून कुणी विकत असेल तर हसून पुढे जावं. कन्नड पुस्तकात 'मोदल मुद्रण' किंवा 'प्रथम मुद्रण' शोधा. आकडे कन्नड असले तरी घाबरू नका, कर्नाटकच्या एसटीची पाटी वाचता येते तर हेही वाचता येईल.

इंग्रजी पुस्तकांत आकड्यांची ओळ असते: १० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ २ १. प्रत्येक नव्या छपाईला शेवटचा आकडा काढून टाकतात. सर्वांत लहान जो आकडा शिल्लक असेल, ती त्या प्रतीची छपाई. १ असला तर पहिली, सर्वांत लहान ४ असला तर चौथी. ब्रिटिश पुस्तकांत हीच ओळ १ ३ ५ ७ ९ १० ८ ६ ४ २ अशी दोन्हीकडून येते. तिथेही १ शोधायचा. एका मोठ्या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने, रँडम हाउसने, मात्र बरीच वर्षं पहिल्या छपाईत 'फर्स्ट एडिशन' हे शब्द आणि २ पासून सुरू होणारी ओळ अशी रीत ठेवली होती. हे माहीत नसल्यामुळे मी एक पुस्तक परत ठेवून आलो होतो. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा ते गेलेलं होतं.

आकड्यांची ओळ नसेल, म्हणजे जुनं पुस्तक असेल, तर जॅकेट बोलतं. आतल्या घडीचा किमतीचा कोपरा कापलेला आहे का? मूळ किंमत किती? मागच्या घडीवर त्याच लेखकाच्या नंतरच्या पुस्तकांची जाहिरात आहे का? असली तर जॅकेट नंतरचं. किंमतच छापलेली नाही आणि 'बुक क्लब' असं काहीसं आहे, तर ती सभासदांसाठी काढलेली स्वस्त छपाई. आपल्याकडे शाळांतल्या पुस्तक-प्रदर्शनांतून आलेली पेपरबॅक पुष्कळ असतात. नातवंडांना वाचायला उत्तम, संग्रहाला निरुपयोगी.

एकदा खात्रीची पहिली आवृत्ती डोळ्यांखालून घाला, मग नजर बसते. त्यासाठी वाचनालयं आहेत. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं. कुठल्याही जुन्या वाचनालयात नम्रपणे विचारलं तर जुनी पुस्तकं चाळू देतात. शीर्षकामागचं पान वाचा, टिपून घ्या. वाचनालयातून बाद झालेल्या प्रती मात्र विकत घेऊ नका: शिक्के, खिसा, पुन्हा केलेली बांधणी आणि जॅकेट बेपत्ता. वजनावर इंग्रजी पुस्तकं विकणारी प्रदर्शनं हॉलमध्ये लागतात, तिथे परदेशी वाचनालयांच्या अशा पुस्तकांचे ढीग असतात.

शोधायचं कुठे

बेळगावात कॅम्प. लष्करी अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, घरं रिकामी होतात, मुलांची इंग्रजी चित्रपुस्तकं रद्दीत जातात. एप्रिल-मे हा हंगाम. मराठीसाठी शहापूर, टिळकवाडी, अनगोळ भागातल्या जुन्या घरांची आवराआवर. रद्दीवाल्याला आपला नंबर देऊन ठेवा आणि बोलावल्यावर जा, घ्यायचं काही नसलं तरी. मामांचा मला ऑगस्टात फोन येतो: "पुस्तकं आल्यात खरं सगळी भिजलेली आल्यात." (परगावच्या वाचकांसाठी: आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'.) तरीही मी जातो.

निपाणी, चिकोडी, अथणीकडे मराठी शाळांतल्या निवृत्त मास्तरांच्या घरी जुनी बालपुस्तकं असतात. तिथे विकत मागू नये. चहा प्यावा, पुस्तकं बघावीत, परत यावं. द्यायचं असेल तर ते स्वतःच देतात. कोल्हापूर दोन-अडीच तासांवर आहे. नव्या मराठी पुस्तकांची पहिली आवृत्ती तिथल्या दुकानात निघाल्या निघाल्या मिळते, आणि तेव्हाच घ्यावी. बक्षीस जाहीर झाल्यावर धावणाऱ्याला दुसरी आवृत्ती मिळते. दर वर्षी मी पाच-सहा नवी चित्रपुस्तकं केवळ डोळ्यांना पटली म्हणून घेतो. त्यांतल्या एखाद्याला पुढे काही मिळालं तर मिळालं.

चेन्नईच्या तारा बुक्सची हातकागदावर रेशीमजाळीतून (सिल्कस्क्रीनने) छापलेली पुस्तकं हा वेगळाच प्रकार. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या गोंड चित्रकारांचं 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' २००६ मध्ये आलं आणि २००८ मध्ये त्याला इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक जत्रेचा रगाझी पुरस्कार मिळाला. त्याच्या प्रतींवर हाताने क्रमांक घातलेला असतो. काळा कागद, त्यावर रंगाचा थर बोटाला जाणवतो. ऑनलाइन मागवताना विक्रेत्याकडून आवृत्ती आणि क्रमांक छापलेल्या पानाचा फोटो मागा. फोटो द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून घेऊ नका.

सही

उचगाव, कडोली, येळ्ळूर, सांबरा. आपल्याकडे थंडीत गावोगाव साहित्य संमेलनं भरतात, आणि ग्रंथदिंडीपासून जेवणाच्या पंक्तीपर्यंत पाहुणे गावातच असतात. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कार्यक्रमात सहीसाठी रांग लागते आणि पुढे सरका म्हणतात. इथे पाहुण्यांच्या शेजारी बसून आमटी-भात खाता येतो. सही मागायची वेळ जेवणानंतरची. उद्घाटनाआधी मागू नये, पाहुणे भाषणाच्या विचारात असतात.

पुस्तक उघडून शीर्षकाचं पान समोर ठेवा. सही तिथेच हवी, पुठ्ठ्यामागच्या रंगीत पानावर नको. पेन आपलं न्या, आणि इथे माझी फजिती ऐका. एका संमेलनात मागच्या रांगेत एक चित्रकार बसले होते. मी पुस्तक पुढे केलं तर म्हणाले, "माझी? लेखकाची झाली का?" मी म्हटलं, तुमचीच हवी. त्यांनी माझ्याकडचं जेल पेन घेतलं, सही केली, आणि सहीच्या 'र'च्या शेपटीवर दोन फटकाऱ्यांत एक कावळा बसवला. मी हरखून आभार मानले आणि पुस्तक मिटलं. घरी उघडलं तर समोरच्या पानावर उलटा कावळा उमटलेला. चित्रपुस्तकांचा कागद बहुधा गुळगुळीत आर्ट पेपर असतो, तो शाई पीत नाही. जेल पेन त्यावर मिनिटभर ओलं राहतं. बॉलपेन खोलगट रेघ पाडतं, मार्कर मागे फुटतो. स्टेशनरीत ड्रॉइंगसाठी पिगमेंट शाईची बारीक टोकाची पेनं मिळतात, शाळेत आम्ही आराखड्यांना वापरायचो, ती न्या. सहीनंतर पुस्तक पाच मिनिटं उघडं धरून उभे राहा, लोक हसले तरी. मग बटर पेपरचा तुकडा मध्ये ठेवून मिटा.

बाजारात नुसत्या सहीला 'चि. अमुकला आशीर्वाद' असल्या सहीपेक्षा जास्त भाव असतो, कारण दुसऱ्याच्या नावाचं पुस्तक कुणाला नको असतं. विकायचं असेल त्यांनी नुसती सही घ्यावी. मी तारीख आणि गावाचं नाव आवर्जून लिहून घेतो. पुस्तक निघालं त्याच वर्षाची तारीख असेल तर उत्तम, आणि सहीसोबत चित्र मिळालं तर त्याहून उत्तम. पण चित्र मागू नये. पेन हातात राहू द्यावं, घाई करू नये. चित्रकाराचा हात आपोआप चालतो.

भेट होणं शक्य नसेल तर प्रकाशकाच्या पत्त्यावर पत्र पाठवा. आत पोस्टकार्डाहून लहान, चांगल्या जाड कागदाची कोरी पट्टी, आणि आपला पत्ता लिहून तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. पट्टीवर सही येते. ती पुस्तकात डिंकाने चिकटवू नका, नुसती ठेवा. पुस्तकच पाठवायचा मोह टाळा, पावसात टपालाचं काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे.

सही केलेलं पुस्तक विकत घेताना भिंग लावा. छापील सही बारीक ठिपक्यांची दिसते. खऱ्या शाईच्या रेषेचा दाब कमीजास्त होतो, प्रकाशात तिरपं धरलं की ती चमकते किंवा कागद किंचित दबलेला दिसतो. त्याच माणसाच्या दोन-तीन खात्रीच्या सह्या शेजारी ठेवून बघा, आणि पुस्तक निघायच्या आधीची तारीख घातलेली तर नाही ना, तेही बघा. असं एक मी पाहिलं आहे.

पावसाळा

संग्रह करणं सोपं, बेळगावात टिकवणं अवघड. खानापूरकडे तर विचारू नका, जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती घामाघूम असतात.

आर्ट पेपर ओलावला की पानं एकमेकांना चिकटतात, आणि वाळल्यावर ओढली की चित्र सोलून निघतं. यावर औषध नाही, म्हणून ओलावाच येऊ द्यायचा नाही. कपाट लोखंडी असलं तरी चालेल, पण बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वर. आत साधा आर्द्रतामापक ठेवा, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. काटा पन्नासच्या आसपास हवा. साठच्या वर टिकून राहिला तर सिलिका जेलच्या पुड्या बदला. नारिंगी मणी मिळतात, ओलावा प्यायले की हिरवे होतात. निळे घेऊ नका, त्यांतला कोबाल्ट घातक असतो. डांबराच्या गोळ्या पुस्तकाला टेकवून ठेवू नका. कडुलिंबाचा पाला आमची आई ठेवायची, मीही ठेवतो, पण कडकडीत वाळवून, मलमलच्या पुरचुंडीत. ओला पाला म्हणजे बुरशीला आमंत्रण.

शाळेच्या सवयीने खाकी कव्हर घालू नका, त्याच्या आम्लाने जॅकेट पिवळं पडतं. वह्यांचं ते वास येणारं प्लास्टिकही नको. जॅकेटला पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मचं कव्हर घाला. सेलोटेप फाटलेल्या पानालासुद्धा लावू नका. मोठी आडवी पुस्तकं उभी ठेवली की आपल्याच वजनाने बांधणीतून खाली ओढली जातात, ती आडवीच ठेवा, एकावर एक पाचाहून जास्त नकोत. उघडीप मिळेल त्या दिवशी कपाट उघडून पंखा लावा. उन्हात मात्र वाळत घालू नका, लाल रंग आधी उडतो.

बुरशी दिसली तर ते पुस्तक लगेच वेगळं करा. पूर्ण सुकू द्या, मग तोंडाला फडकं बांधून, गच्चीवर, मऊ ब्रशने झटका. घरात झटकली तर शेजारच्या पुस्तकावर जाऊन बसते. पानाच्या कडा चरल्यासारख्या खाल्लेल्या दिसल्या तर कसर लागली आहे. तेव्हा एक पुस्तक साफ करून भागत नाही, सगळं कपाट रिकामं करावं लागतं.

वही

दोनशे पानी वहीत प्रत्येक पुस्तकाला एक पान. कुठे मिळालं, किती रुपयांना, कितवी छपाई आणि ती कशावरून ठरवली, सही कुणाची, कुठे, कोणत्या दिवशी, कुठला पुरस्कार आणि कोणत्या वर्षी. सही करत असतानाचा फोटो काढला असेल तर त्याची प्रिंट त्याच पानावर. पुस्तकात काहीही लिहू नका. फारच वाटलं तर मागच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने वहीतला क्रमांक. नातवंडांना वाचायला दुसरी प्रत घ्या, नवीन, स्वस्त, शिक्का छापलेली. कॅम्पातलं ते दोनशेचं पुस्तक आमच्याकडे त्याच कामी आलं, आता त्याची पाठ निघाली आहे.

आमच्या मंडळींचं म्हणणं असं, की माझ्यामागे हे सगळं त्याच मामांच्या काट्यावर जाणार. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने, मराठीत आणि कन्नडमध्ये, लिहून ठेवलं आहे: किलोवर देऊ नये.